स्वतःच्या सर्व्हरवर निनावी साईट लावायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनियन साईट, म्हणजे ओळख लपवणाऱ्या टॉर नावाच्या नेटवर्कवरची निनावी साईट, लावताना अडकलेले लोक जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. विचारणारे बहुतेक जण लिहिणारे असतात, कुठल्यातरी छोट्या संघटनेत काम करणारे असतात, किंवा एखाद्या विषयावर नाव न लावता बोलायचंय असे असतात. सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम नाही आणि ते त्यांना शिकावं लागू नये असं मला मनापासून वाटतं, पण आज तरी थोडं शिकावं लागतं.

निनावी साईट म्हणजे नक्की काय? व्हीपीएन घेतला की झालं ना?

नाही. व्हीपीएनमध्ये एक कंपनी मध्ये बसते आणि तिला तुम्ही कोण ते माहीत असतं. वर साध्या साईटला डोमेन (साईटचं नाव) लागतं, डोमेनला पैसे लागतात, पैशाला नाव लागतं, म्हणजे माग निघायला तीन जागा झाल्याच.

ऑनियन साईट टॉर नेटवर्कच्या आतच राहते. तुमचा सर्व्हर स्वतःहून बाहेर जाऊन काही रिलेंना (टॉरमधले निरोप पुढे पोचवणारे कॉम्प्युटर), साधारण तीन, सांगून ठेवतो की माझ्यासाठी कोणी आलं तर इथे निरोप द्या. बघणारा तिथे निरोप ठेवतो, मग दोघं एका तिसऱ्याच रिलेवर भेटतात. दोन्ही बाजूंनी तीन तीन टप्पे, म्हणजे मध्ये सहा रिले. बघणाऱ्याला सर्व्हर कुठे आहे ते कळत नाही आणि सर्व्हरला बघणारा कुठून आला ते कळत नाही. ही सोय २००४ पासून आहे, तेव्हा तिला हिडन सर्व्हिस म्हणायचे.

मग माझ्या राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडावा लागेल का? फिक्स आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता)?

दोन्ही नको. वर सांगितलं तसं सर्व्हर स्वतः बाहेर जातो, बाहेरून आत कोणी येत नाही, त्यामुळे राउटरच्या मागे, मोबाईल इंटरनेटवर, कुठेही चालतं. डोमेन नको, डीएनएस (नावावरून आयपी शोधायची सोय) नको. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पुरतो. उलट कुठल्या गाईडमध्ये ऑनियन साईटसाठी पोर्ट फॉरवर्ड करा असं लिहिलेलं दिसलं तर ते गाईड बंद करा, तसं केलं तर तुमची साईट साध्या इंटरनेटवरूनही दिसायला लागेल आणि मग सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य.

पत्ता एवढा लांबलचक का असतो?

कारण पत्ता म्हणजेच साईटची सार्वजनिक किल्ली आहे, सर्व्हरवरच्या गुप्त किल्लीची सगळ्यांना दाखवायची जोडी. आताचे पत्ते ५६ अक्षरांचे असतात. आधीचे १६ अक्षरांचे होते, त्यांची क्रिप्टोग्राफी (गुप्तलेखन) कमकुवत झाली होती म्हणून २०२१ मध्ये टॉरमधून ते काढूनच टाकले, तेव्हा कुठल्या जुन्या लेखात १६ अक्षरी पत्ता दिसला तर बाकीची माहितीही तेवढीच जुनी आहे असं समजा.

सुरुवातीला आपल्या आवडीची अक्षरं आणायची टूल्स आहेत. एक अक्षर वाढवलं की शोधायचं काम ३२ पट होतं, त्यामुळे सहा-सात अक्षरांपुढे साध्या मशीनवर जाऊ नका. आणि खरं सांगू का, मला हे फारसं आवडत नाही. लोक मग फक्त पहिली पाच अक्षरं बघतात आणि तेवढीच अक्षरं जुळवून नकली साईट कोणीही काढू शकतं.

इन्स्टॉल करायला किती वेळ लागतो?

टॉरचा भाग दहा मिनिटं. टॉर टाकायचं, त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये दोन ओळी लिहायच्या, एक म्हणजे किल्ली कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि दुसरी म्हणजे आलेली रिक्वेस्ट कुठल्या लोकल पोर्टवर द्यायची, मग टॉर रिस्टार्ट. त्या फोल्डरमध्ये होस्टनेम नावाची फाईल तयार होते, तिच्यात तुमचा पत्ता.

मग लोक पकडले कशाने जातात, अवघड काय आहे यात?

हाच या सगळ्यातला खरा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉर स्वतः क्वचित फुटतं. फुटतो तो आजूबाजूचा संसार. अपाची (वेब सर्व्हर), वर्डप्रेस (साईट चालवायचं सॉफ्टवेअर), डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यात, चालवणारं टूल), मेल पाठवणारी स्क्रिप्ट, हे सगळं साध्या सर्व्हरसाठी लिहिलेलं आहे आणि साध्या सर्व्हरवर दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनच्या आतून, जो येतो तो आपलाच माणूस. दुसरी, सर्व्हरने बाहेर कुठेही जाऊन काहीही आणलं तर त्यात धोका नाही. ऑनियन साईटवर या दोन्ही गोष्टी उलट्या होतात. इथे जगातला प्रत्येक अनोळखी माणूस लोकलहोस्टवरूनच येतो, कारण त्याला टॉर आणून सोडतं. आणि सर्व्हर एकदा जरी टॉर सोडून थेट बाहेर गेला तरी समोरच्याला त्याचा खरा आयपी दिसतो.

म्हणून सोपं करायचं म्हणजे इन्स्टॉलला छान बटण लावायचं एवढंच नाही, तर ही दोन गृहीतकं इन्स्टॉलरनेच बदलून द्यायची. वापरणाऱ्याने चाळीस सेटिंग लक्षात ठेवायची ही व्यवस्था चालत नाही, माणूस एकोणचाळीस लक्षात ठेवतो.

लोकलहोस्टवाली भानगड नीट सांगा ना.

अपाचीमध्ये स्टेटस दाखवणारं एक पान असतं, आत्ता कोण काय बघतंय, सर्व्हर किती वेळ चालू आहे, कुठल्या कुठल्या नावाने साईट चालते वगैरे. बऱ्याच ठिकाणी ते डिफॉल्टने चालू असतं, पण फक्त लोकलहोस्टला दिसतं, म्हणून साध्या सर्व्हरवर काही बिघडत नाही. ऑनियन साईटवर ते पान अख्ख्या जगाला दिसतं. त्याच मशीनवर तुमच्या नावाची दुसरी साईट असेल तर तिचं नावही तिथे. माझ्या पहिल्या साईटवर हे पान असंच उघडं होतं, दुसऱ्याच कोणीतरी बघून कळवलं तेव्हा कळलं, आणि त्या दिवसानंतर मी कुठल्याही साईटवर सगळ्यात आधी हेच तपासतो. उपाय सोपा आहे, ते मॉड्यूल बंद करा.

हीच गोष्ट डेटाबेसच्या ॲडमिन पानांची, डीबग पानांची, आणि "लोकलहोस्टवरून आलेल्याला पासवर्ड विचारू नको" असं सेटिंग असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची. शक्य असेल तर लोकल पोर्ट वापरूच नका, टॉरकडून रिक्वेस्ट युनिक्स सॉकेटवर (नेटवर्कऐवजी मशीनवरच्या फाईलमधून जोडणारी वाट) घ्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला हे येतं, टॉरलाही येतं.

आणि बाहेर जाणारी वाट कशी बंद करायची?

आधी वाट कशी उघडी असते ते बघा. वर्डप्रेसमध्ये पिंगबॅक असतं, कोणी तुमच्या लेखाची लिंक दिली की तुमची साईट खात्री करायला त्या लिंकवर जाते. आता कोणी मुद्दाम स्वतःच्या सर्व्हरची लिंक देऊन पिंगबॅक पाठवला तर तुमची साईट त्याच्या दारात जाऊन उभी राहते, खऱ्या आयपीसकट. त्याला टॉर फोडायची गरजच पडली नाही. लिंक टाकली की चित्रासकट प्रीव्ह्यू दाखवणारे फोरम, यूआरएलवरून फोटो आणणारे फॉर्म, अपडेट तपासणारे प्लगइन, पासवर्ड विसरलात तर मेल पाठवणारं पान, सगळ्यांची गोष्ट तीच.

एकेक शोधून बंद करत बसलात तर एखादं राहणारच. त्यापेक्षा फायरवॉलमध्ये (नेटवर्कची ये-जा अडवणारा पहारेकरी) असा नियम टाका की बाहेर फक्त टॉरचा युजर जाईल, बाकी कोणीही नाही. डेबियन या लिनक्सवर हा युजर डेबियन-टॉर नावाने आपोआप बनतो आणि एनएफटेबल्स या फायरवॉलमध्ये युजरप्रमाणे नियम लिहिता येतो. सिस्टिमचे अपडेट टॉरमधून आणता येतात, डेबियनच्या ॲप्ट या अपडेट आणणाऱ्या टूलला ते जमतं. घड्याळ जुळवायला मात्र एक छोटी फट ठेवावी लागते, कारण घड्याळ फार चुकलं तर टॉर जोडलंच जात नाही.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. वर म्हटलं तसं युनिक्स सॉकेट वापरत असाल तर वेब सर्व्हरला नेटवर्कची गरजच उरत नाही, मग सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) त्या सर्व्हिसला प्रायव्हेट नेटवर्कचं सेटिंग चालू करून टाका. वेब सर्व्हरला इंटरनेट दिसतच नाही, कोणी त्यात घुसलं तरी त्याला स्वतःचा आयपी विचारायला बाहेर जाता येत नाही. एका ओळीचं काम आहे आणि तरी बहुतेक गाईडमध्ये ते सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्डप्रेस वापरू की नको?

माझा सल्ला, नको. लेखच टाकायचे असतील तर ह्यूगोसारखा जनरेटर घ्या, आपल्या मशीनवर पानं बनवा आणि नुसत्या एचटीएमएल फाईल्स सर्व्हरवर ठेवा. पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रामिंग भाषा) नाही, डेटाबेस नाही, फुटायला जागाच कमी. बाहेरचे फॉन्ट, बाहेरचं ॲनालिटिक्स, दुसऱ्या साईटवरचे फोटो काहीही जोडू नका. आणि जावास्क्रिप्टशिवाय साईट वाचता आली पाहिजे, टॉर ब्राउझरमध्ये सगळ्यात कडक पातळी ठेवणाऱ्याकडे जावास्क्रिप्ट बंदच असतं आणि नेमके तेच वाचक तुमच्यावर सगळ्यात जास्त विसंबून असतात.

कमेंट, लॉगिन वगैरे खरंच हवंच असेल तर फायरवॉलचा वरचा नियम आधी, वर्डप्रेस नंतर. हा क्रम बदलू नका.

डॉकरने सोपं नाही का होत?

होतं, पण एक खड्डा आहे. डॉकरला पोर्ट देताना नुसता पोर्ट नंबर दिला तर तो मशीनच्या सगळ्या आयपींवर उघडतो, आणि डॉकर स्वतःचे फायरवॉल नियम स्वतः लिहितो त्यामुळे तुम्ही यूएफडब्ल्यू या फायरवॉल टूलमध्ये बंद केलेला पोर्टही बाहेरून उघडा दिसतो. भाड्याच्या सर्व्हरवर हे झालं की शोडॅनसारखी, इंटरनेटवरची मशीन्स शोधणारी सर्च इंजिनं तुमची साईट खऱ्या आयपीवर नोंदवून टाकतात, नंतर बंद केलं तरी नोंद राहू शकते. पोर्ट द्यायचाच असेल तर पुढे १२७.०.०.१ (म्हणजे लोकलहोस्ट) लिहा. त्याहून बरं म्हणजे पोर्ट देऊच नका, टॉर आणि वेब सर्व्हर दोन्ही कंटेनर एका अंतर्गत नेटवर्कवर ठेवा आणि बाहेरची वाट फक्त टॉरच्या कंटेनरला द्या.

घरी ठेवू की सर्व्हर भाड्याने घेऊ?

कोणापासून लपायचंय त्यावर आहे. भाड्याच्या सर्व्हरला पैसे देताना ओळख राहते आणि डिस्क दुसऱ्याच्या हातात असते. घरचं मशीन तुमच्या ताब्यात, पण कधी आयपी बाहेर पडलाच तर तो थेट तुमच्या दारापर्यंत आणतो. घरी ठेवणार असाल तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली पाहिजेच.

घरी आणखी एक गोष्ट असते, वीज आणि इंटरनेट जातं तेव्हा साईटही जाते. कोणी चिकाटीने नोंद ठेवली की साईट केव्हा केव्हा बंद होती, आणि त्याच वेळी कुठल्या भागात वीज नव्हती, तर अंदाज बांधता येतो. २००६ मध्ये स्टीव्हन मर्डॉक या संशोधकाने तर याहून बारीक गोष्ट दाखवली होती, हिडन सर्व्हिसवर लोड टाकला की मशीन तापतं, तापलं की त्याचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, आणि ते घड्याळ बाहेरून मोजून मशीन ओळखता येतं. रोजच्या वापरात याची भीती बाळगायचं कारण नाही, पण याच कारणाने त्या मशीनवर दुसरी कुठलीही सार्वजनिक सेवा चालवू नका. टॉर रिलेसुद्धा नाही. रिलेचा आयपी आणि चालू-बंद वेळ सगळ्यांना दिसते.

त्यापेक्षा तयार ऑनियन होस्टिंग घेतलं तर?

फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रीडम होस्टिंग टू नावाची अशी सेवा कोणीतरी हॅक केली, दहा हजारांहून जास्त साईट्स एका फटक्यात गेल्या आणि डेटाबेसही बाहेर आला. स्वतः होस्ट करायची कटकट आहे हे मान्य, पण दुसऱ्याकडे ठेवलं की तुमच्या वाचकांचा डेटा त्याच्या भरवशावर.

कोणतं तयार टूल वापरू?

थोड्या दिवसांसाठी, छोटी साईट: ऑनियनशेअर. फोल्डर ओढून टाकायचा आणि पत्ता मिळतो, याहून सोपं मी काही पाहिलं नाही. लॅपटॉप बंद झाला की साईट बंद, एवढं लक्षात ठेवा.

कायमची साईट आणि कमांड लाईन नको: फ्रीडमबॉक्स. डेबियनवरच बनलेलं आहे, ब्राउझरमधून टॉर चालू करता येतं. पण ते मुळात घरच्या वैयक्तिक सर्व्हरसाठी आहे, त्यावरच्या बाकीच्या ॲप्सचं काय काय त्याच पत्त्यावर दिसतंय ते बघून घ्या.

लोकांकडून कागदपत्रं घ्यायची असतील तर सिक्युअरड्रॉप किंवा ग्लोबालीक्स. सिक्युअरड्रॉपचं मूळ काम प्रोग्रामर ॲरन स्वार्ट्झ आणि पत्रकार केव्हिन पॉल्सन यांचं, २०१३ पासून फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन ते सांभाळतं. ते एकट्या माणसासाठी नाही, वेगळी मशीन्स लागतात, सांभाळायला माणूस लागतो.

ज्यांचा धोका खरंच मोठा आहे त्यांना मी हूनिक्स सुचवतो. त्यात दोन व्हर्च्युअल मशीन (खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेली मशीन) असतात, एकात फक्त टॉर, दुसऱ्यात तुमची साईट, आणि दुसऱ्याला टॉरशिवाय बाहेर जायची वाटच नाही. वर जे फायरवॉलचं सांगितलं ते इथे रचनेतच आहे.

चांगला इन्स्टॉलर कसा ओळखायचा?

कमी प्रश्न विचारतो आणि चुकलं तर थांबतो. वेब सर्व्हर बाहेरच्या आयपीवर ऐकतोय असं दिसलं तर त्याने साईट सुरूच करू नये, नुसती लाल अक्षरात सूचना देऊन पुढे जाऊ नये, कारण सूचना कोणी वाचत नाही. टॉर स्वतः असंच वागतं, किल्लीच्या फोल्डरची परवानगी सैल असेल तर ते चालूच होत नाही, लोक वैतागतात पण ते बरोबर आहे. लॉग डिफॉल्टने बंद, व्हर्जन दाखवणारे हेडर बंद, सुरक्षा अपडेट आपोआप, किल्लीचा बॅकअप घेतल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही. आणि इंटरनेटवरून उचललेली स्क्रिप्ट थेट रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवायला सांगणाऱ्या इन्स्टॉलरपासून लांब राहा, निदान आत काय लिहिलंय ते कोणाला तरी वाचायला लावा.

किल्लीचा बॅकअप म्हणजे काय?

त्या फोल्डरमधली सिक्रेट की फाईल. ती हरवली की पत्ता कायमचा गेला, कुठे अर्ज करून परत मिळत नाही. ती चोरीला गेली तर चोर तुमच्याच पत्त्यावर स्वतःची साईट लावू शकतो आणि पत्ता रद्द करायची सोय नाहीये. म्हणून एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर, सर्व्हरपासून लांब. क्लाउडवर नको.

एचटीटीपीएस (ब्राउझरमधलं कुलूप) लागतं का?

बहुतेकांना नाही, टॉरचं कनेक्शन टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेडच असतं. २०२० पासून ५६ अक्षरी पत्त्यांना एचटीटीपीएससाठी लागणारी साधी सर्टिफिकेट मिळू शकतात, पण सर्टिफिकेट घेतलं की तुमचा पत्ता सार्वजनिक नोंदवहीत जातो, आणि त्याच सर्टिफिकेटवर तुमचं साधं डोमेन असेल तर दोन्ही एकाच माणसाचे हे तुम्ही स्वतः लिहून दिलंत. बीबीसी किंवा प्रोपब्लिकासारख्या बातमी संस्थांना आपण कोण ते लपवायचंच नाही, वाचकाला वाचवायचंय, त्यांचं गणित वेगळं.

याच कारणाने एक इशारा, टॉरमध्ये सिंगल हॉप नावाचा एक वेगवान मोड आहे. तो अशा मोठ्या साईट्ससाठी आहे, त्यात सर्व्हर लपत नाही. साईट स्लो आहे म्हणून कोणी तो चालू करायला सांगितला तर करू नका.

फक्त ओळखीच्या लोकांना साईट दिसावी असं करता येतं?

येतं, आणि लोक याचा उपयोग फार कमी करतात. प्रत्येकासाठी एक किल्ली बनवायची, तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवायचा, खाजगी भाग त्या माणसाला द्यायचा. किल्ली नसेल तर पासवर्डचं पानसुद्धा दिसत नाही. सर्व्हरची स्वतःची एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) अशाच वेगळ्या, किल्लीवाल्या ऑनियन पत्त्यावर ठेवा, वाचकांच्या पत्त्यावर नको.

कोणी मुद्दाम ट्रॅफिक टाकून साईट पाडली तर?

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या टॉरच्या ०.४.८ व्हर्जनपासून यावर उपाय आहे. हल्ला सुरू झाला की येणाऱ्याच्या मशीनला एक छोटं कोडं सोडवावं लागतं. खऱ्या वाचकाला थोडं थांबावं लागतं, हजारो कनेक्शन करणाऱ्याला जड जातं. कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहून चालू करावं लागतं, आपोआप नसतं.

सगळं लावलं. बरोबर आहे हे कसं कळणार?

दुसऱ्या मशीनवरून, दुसऱ्या इंटरनेटवरून बघा. सर्व्हरचा खरा आयपी ब्राउझरमध्ये टाका, काहीही दिसता कामा नये. साईटवरचं एखादं वेगळं वाक्य साध्या सर्च इंजिनमध्ये शोधा. टॉर ब्राउझरमधून स्टेटसचं पान, नसलेलं पान, चुकीचा फॉर्म उघडून बघा, एरर पानावर सर्व्हरचं नाव किंवा फोल्डरचा रस्ता येतोय का. मग सर्व्हरवर वेब सर्व्हरच्या युजरने बाहेर एक साधी रिक्वेस्ट करून बघा, ती अडकली पाहिजे. अपडेटनंतर हे परत करा, दर वेळी, कारण पॅकेज अपडेट होताना कॉन्फिग बदललेलं मी पाहिलंय.

सर्व्हर पक्का झाला, अजून काय राहिलं?

तुम्ही स्वतः. फोटोत कॅमेऱ्याची माहिती आणि जागा असते, मॅट टू नावाच्या टूलने ती काढा. पीडीएफमध्ये कॉम्प्युटरच्या युजरचं नाव जातं. रोज रात्री ठराविक वेळेलाच लेख टाकलात तर तेही दिसतं, म्हणून लिहून ठेवा आणि वेगळ्या वेळी टाका. आणि पत्ता पहिल्यांदा जगाला सांगाल तेव्हा स्वतःच्या नेहमीच्या अकाउंटवरून सांगू नका, मी पाहिलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात जास्त वेळा झालेली आहे, आणि तिच्यासाठी कुठल्याच इन्स्टॉलरमध्ये सेटिंग नाही.